सभागृहात गेलेला डावा बूट

मावशींच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल होतं, आणि त्यावर बसणाऱ्याला अनवाणीच बसावं लागे, कारण त्याचे बूट मावशींच्या मांडीवर असत. माणूस कितीही मोठा असो, एकदा अनवाणी बसला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो, असं मावशींचं निरीक्षण होतं. वकील येत, डॉक्टर येत, एकदा तर न्यायाधीश येऊन गेले. सगळे खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पाय ठेवून, बोटं आत दुमडून बसत आणि मावशी जे विचारतील त्याला सरळ उत्तर देत. न्यायाधीशांच्या मोज्याला भोक होतं हे मावशींनी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असेल तर शेजारच्या सलूनवाल्याला, पण तो हिशेबात धरायचा नाही.

खासदार या स्टुलावर गेली पंधरा वर्षं महिन्यातून एकदा येऊन बसत. लहानपणच्या आजारात त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड राहिला होता. त्यामुळे डाव्या बुटाला जाड सोल लागे, आणि तो बाहेरच्या अंगाने झिजे. पंधरा वर्षांत त्यांचा पक्ष सत्तेच्या आसपासही फिरकला नव्हता. प्रश्न विचारायचे, उत्तर मिळालं नाही की पुन्हा विचारायचे, आणि लोकांनी ‘झालं यांचं सुरू’ म्हणून जांभई द्यायची, असा त्यांचा एकंदर संसार.

“दादा, तुम्ही उभं राहून बोलता फार,” मावशी सोल खरवडत म्हणत. “बघा, टाच कशी खाल्लीय.”

“ताई, मी बसून बोलायला लागलो की समजा, सरकारात गेलो.”

मावशींना ते आवडत. एक म्हणजे ते वेळ झाली तरी घड्याळ बघत नसत. दुसरं म्हणजे, काम झालं की मागच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याकडे वाकून मोठ्याने “आजोबा, येतो हो,” म्हणायला ते कधी चुकले नव्हते.

हा म्हातारा म्हणजे मावशींचे सासरे. घरात आणि दुकानात त्यांना सगळे मामंजीच म्हणत, ज्यांचा काही संबंध नाही तेसुद्धा. मावशी या घरात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याला बापाच्या धंद्यात रस नव्हता, तो मालट्रक चालवायचा. मुलगा सहा वर्षांचा असताना नवरा चार दिवसांच्या तापाने गेला. पंधरा दिवसांनी, सगळे पाहुणे सल्ले देऊन आपापल्या गावी पांगल्यावर, मामंजींनी सुनेला दुकानात नेलं, तिच्या हातात आरी दिली आणि म्हणाले, “बस.” आरी म्हणजे कातड्याला भोक पाडायचं दाभणासारखं हत्यार. ते कसं धरायचं हेही तिला माहीत नव्हतं.

गल्लीत लोक हसले. बाईमाणूस बूट शिवणार, मग बाप्यांनी काय करायचं, असं कुणीतरी मामंजींना तोंडावर विचारलं. “बुटाला काय कळतंय शिवणारा कोण ते?” एवढंच मामंजी बोलले आणि पुन्हा कामाला लागले. पहिलं वर्षभर त्यांनी सुनेला नुसते जुने खिळे उपटायला लावले. दुसऱ्या वर्षी टाका दिला. चुकलं तर ओरडत नसत. टाका उसवून बूट पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवत. मावशींनी आयुष्यात खूप जणांचे उपकार मानले, कारण त्यांचा स्वभावच तो. पाणी देणाऱ्यालाही त्या दोनदा बरं केलंत म्हणायच्या. पण त्या ‘बस’ शब्दाचे उपकार फिटण्यातले नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामंजींच्या दुकानाचे कायदे दोनच. पहिला, मोडकं आत, धड बाहेर. दुकानात आलेला बूट दुरुस्त झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. दुसरा, बुटातून जे काढलं ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. जुना सोल, झिजलेली टाच, मोडका खिळा, सगळं कागदाच्या पुडीत बांधून बुटाच्या पुढच्या टोकात कोंबायचं, म्हणजे आपण उगाच काम काढलं नाही हे त्याला कळतं. अशा पुड्या खासदारांना पंधरा वर्षं मिळत होत्या. सुरुवातीला ते हसत, पुढे पुढे बूट घालण्याआधी आत हात घालायची त्यांना सवयच लागली.

आता मामंजी त्र्याऐंशी वर्षांचे होते. डावा कान पार गेलेला, उजव्यात ओरडलं तर निम्मं पोहोचे. पण नजर शाबूत आणि हात तर त्याहून. पहाटे उठून दुकानात येत आणि खुंटीवर चिठ्ठी लावून जो बूट टांगलेला असेल तो घेऊन बसत.

त्या वर्षी समुद्रापलीकडे लढाई पेटली. मित्रदेशाला मदतीचा शब्द दिलेला होता, म्हणून आपलंही सैन्य जहाजाने जाणार असं सरकारने जाहीर केलं. तिकडे डोंगर, बर्फ आणि खडक. सलूनवाल्याच्या टीव्हीवर दिवसभर नकाशे दिसू लागले आणि त्याची गिऱ्हाइकं अर्धवट दाढी झालेली असताना सेनापतीसारखी बोलू लागली. मावशींना त्या नकाशातलं काही कळत नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा तेवीस वर्षांचा होता, पाच वर्षं सैन्यात होता, आणि पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं, एवढं मात्र कळत होतं.

सभागृहात खासदारांनी तीनदा विचारलं की आपली तयारी कितपत आहे. तीनदा लेखी उत्तर आलं, साठा पुरेसा आहे. चौथ्यांदा विचारायला उठले तेव्हा मंत्री म्हणाले, “आपली पोरं निघालीत आणि तुम्ही त्यांचं धैर्य खचवताय. लाज वाटू द्या.” दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मंत्र्यांचंच वाक्य मोठ्या अक्षरात होतं.

निघण्याआधी मुलाला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. पोरगा घरी आला तो पायात नवे बूट घालून, आणि पिशवीत आणखी एक जोड. आईने पाणी दिलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग सवयीने खाली पाहिलं.

“काढ.”

“आई, बसू तर दे.”

“बसून काढ.”

बूट हातात घेऊन त्यांनी सोलवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. सोल मधोमध वाकवला तर भेगा पडल्या आणि काळा चुरा खाली वर्तमानपत्रावर सांडला. शिळ्या बिस्किटासारखा तो सोल झाला होता. वरचं कातडं मात्र आरशासारखं चकचकीत.

मावशींनी पिशवी पुढ्यात ओढली. पिशवीतला जोड काढला, तोही तसाच. मामंजींनी एक बूट नाकाशी नेऊन हुंगला.

“खोक्यात मेलाय,” ते म्हणाले. “सात-आठ वर्षं झाली असतील. असला सोल पायात असला की टिकतो, नुसता ठेवला की आतून कुजतो. रबरी बसवायला हवा.”

“आठ वर्षं. खोक्यावर तारीख आहे,” मुलगा म्हणाला. “सरावाला एकाचा सोल चालता चालता गळून पडला. आम्ही हसलो त्याला. मग माझ्या लक्षात आलं की आपलेही तेच आहेत.”

“मग सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना. भांडारवाल्याकडे जोडे झिजवले म्हण हवं तर. तो म्हणतो, न वापरलेला बूट बिघडेल कसा? कागदावर नवाकोरा आहे.”

“आणि तुझे साहेब?”

“साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं, साठा पुरेसा आहे.”

मावशींनी पायातल्या जोडाचे सोल उपटले आणि दुपारपर्यंत दोन्ही बुटांना जाड रबरी सोल घट्ट शिवून टाकले. शिवताना त्यांना एकच गोष्ट दिसत होती. बर्फात पोरगा उभा आहे आणि त्याच्या पायाखालचं सगळं गळून गेलंय. त्याचे सोल शिवून झाले तरी ती गोष्ट जाईना, कारण त्या बर्फात आता त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाचीतरी पोरं उभी होती.

नेमके त्याच दुपारी खासदार टाच बसवून घ्यायला आले. स्टुलावर बसले, पाय वर्तमानपत्रावर ठेवले, आणि पायाला काळा चुरा लागला म्हणून खाली वाकले.

“ताई, हे काय?”

मावशींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली, नको म्हणून. पण मावशींच्या पोटात काही राहत असतं तर न्यायाधीशांचा मोजा राहिला असता. त्यांनी सगळं सांगितलं आणि न दुरुस्त केलेला दुसरा जोड पुढे ठेवला. खासदारांनी एका बुटावर अंगठा दाबला, मग दुसऱ्यावरही दाबून पाहिला.

“उद्या मला चर्चेला दहा मिनिटं मिळाली आहेत,” शेवटी ते म्हणाले. “यातला एक बूट द्याल? संध्याकाळी परत आणून देतो.”

“नाही,” मुलगा म्हणाला. “बुटाच्या जिभेच्या आत माझा नंबर छापलाय. परवा सकाळी सामानाची मोजणी आहे. दोन जोड मोजून घेतात. एक बूट कमी भरला आणि तिकडे सभागृहात एक बूट दिसला, तर दोनात दोन मिळवायला त्यांना कितीसा वेळ लागेल? मला घरी बसवतील. नुसतं घरी नाही बसवणार.”

“खरं आहे तुझं,” खासदार म्हणाले. “मी आग्रह करणार नाही.” आणि त्यांनी खरंच केला नाही. टाच बसली, पुडी घेतली, मामंजींना येतो म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी जेवताना मुलाचं लक्ष ताटात नव्हतं. “आई,” तो अचानक म्हणाला, “ज्याचा सोल गळला ना, त्याला आम्ही महिनाभर चिडवलं. तोही येतोय माझ्याबरोबर. त्याची आई काही बूट शिवत नाही.” मग पाणी प्यायला आणि म्हणाला, “दे त्यांना. डावा दे. नंबरचं काय ते बघ.”

मावशींनी डाव्या बुटाची जीभ कापून तिथे तसल्याच काळ्या कातड्याची दुसरी शिवली. नंबराचा तुकडा चुलीत घातला. मग खासदारांना निरोप पाठवला, बुटाला ‘खासदार – सकाळी नेणार’ अशी चिठ्ठी बांधली आणि तो खुंटीला अडकवला.

इथेच घोळ झाला. बूट कशासाठी चालला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मामंजी सोडून. त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगायचं कुणाला सुचलंच नाही. पहाटे ते दुकानात आले. खुंटीला बूट, बुटाला चिठ्ठी, चिठ्ठीवर खासदारांचं नाव, आणि सोल पार गेलेला. उंबऱ्याबाहेर मोडका बूट जायचा नाही हा कायदा त्यांचाच. शिवाय नातवाचे बूट त्यांनी आदल्या दिवशी पाहिले होते, हा त्यांतलाच एक, खासदारांनी ओळखीने नातवासाठी काहीतरी करायला घेतलेला दिसतो, तेव्हा काम नामी व्हायला हवं, असा त्यांनी विचार केला. ठेवणीतला रबरी तुकडा काढला, आणि सूर्य उगवेपर्यंत असा काही सोल बसवला की बूट उभा जन्म झिजू नये. मग बूट कागदात नीट गुंडाळला, दोरी बांधली आणि दारापाशी ठेवला. आठ वाजता खासदार स्वतः आले, पुडकं काखेत मारलं, दोन्ही हात जोडले आणि गाडीत बसले. मावशींनीही पुडकं पाहिलं. मामंजींनी गुंडाळलं असेल, बरं झालं, एवढंच त्यांना वाटलं.

अकरा वाजता मायलेक सलूनमध्ये टीव्हीसमोर उभे होते. सलूनवाल्याने आवाज मोठा केला. खासदार उठले, एका बाजूला किंचित झुकून, नेहमीसारखे.

“साठा किती आहे ते मंत्रिमहोदयांनी तीनदा सांगितलं,” ते म्हणाले. “मी आज विचारतोय तो कसा आहे. या साठ हजार जोडांपैकी एक तरी जोड कुणी पायात घालून चार मैल चाललंय का?” आणि त्यांनी पुडकं सोडून बूट वर धरला.

मावशींनी बूट पाहिला. सोलच्या कडेला बारीक दुहेरी टाका होता, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. अख्ख्या शहरात तसा टाका घालणारा हात एकच. सभागृहात कुणाला कळायच्या आत मावशींना दिसलं होतं, पण टीव्हीत शिरून सांगणार कसं?

खासदारांनी बूट दोन्ही हातांनी वाकवला. बूट वाकला आणि सरळ झाला. पुन्हा वाकवला. अंगठा दाबला, अंगठाच दुखला असावा. मग त्यांनी सोल समोरच्या मेजावर आपटला. धाड्‌ आवाज झाला, बुटाला काही झालं नाही.

सत्ताधारी बाकांवर कुणीतरी हसलं, आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. मंत्री उठले. “सैन्याचे बूट किती मजबूत आहेत हे स्वतः आपटून दाखवल्याबद्दल,” ते म्हणाले, “मी सन्माननीय सदस्यांचे मनापासून आभार मानतो.” बाकं वाजली. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. उद्या हेच बूट घालून आपली सगळी तुकडी जाणार, आणि आता पुन्हा कुणी विचारणारसुद्धा नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच दुकानात धावल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडल्या. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? एक दिवस हात स्वस्थ ठेवता येत नाहीत? नातवाचा जीव टांगणीला लावलात!”

किती ऐकू गेलं देव जाणे, पण चेहरा कळला. मामंजींनी हातातली आरी खाली ठेवली. “टाका उसवला का?” त्यांनी हळूच विचारलं. मावशींनी कपाळावर हात मारला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला.

तेवढ्यात सलूनवाला ओरडला, “मावशी! या, या, अजून बसले नाहीत ते!”

खासदार उभेच होते. हसू अजून चालू होतं. ते बुटाच्या कडेकडे निरखून पाहत होते, आणि पंधरा वर्षं पायात घातलेला टाका त्यांनी ओळखला असावा. कारण पुढे त्यांनी जे केलं ते दुसरा कुणी खासदार करताच ना. त्यांनी बुटात हात घातला, पार टोकापर्यंत, आणि कागदाची पुडी बाहेर काढली.

पुडी उघडून त्यांनी मेजावर उलटी केली. काळा चुरा पडला, सोलचे तुकडे पडले, आणि एका तुकड्यावर सरकारी छाप आणि साल अगदी स्पष्ट होतं. टीव्हीवाल्यांनी ते जवळून दाखवलं.

“मंत्रिमहोदयांनी घाईने आभार मानले,” खासदार म्हणाले. आवाज चढला नव्हता, स्टुलावर बसल्यावर असायचा तसाच होता. “काल दुपारी मी पाहिला तेव्हा हा सोल या बुटाला होता. बूट दुरुस्तीला गेला नव्हता, मला दाखवायला ठेवला होता. पण त्या दुकानात एक त्र्याऐंशी वर्षांचे कारागीर आहेत. मोडका बूट बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मला न विचारता त्यांनी नवा सोल लावला आणि जुना इथे ठेवला, म्हणजे काम का करावं लागलं ते गिऱ्हाइकाला कळावं. तुम्हाला आठ वर्षांत जे दिसलं नाही ते त्यांना एका पहाटेत दिसलं. माझी मागणी एवढीच आहे. उरलेले बूट बाहेर जाण्याआधी अशा कुणाच्या तरी हाताखालून जाऊ द्या.”

या वेळी बाकं वाजली नाहीत. मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने फाईलमध्ये पाहिलं. “हा बूट कुणाचा आहे?” मंत्र्यांनी विचारलं.

“ज्याचा आहे त्याला विचारू नका. ज्यांनी साठवला त्यांना विचारा.”

अध्यक्षांनी बूट आणि चुरा दोन्ही सभागृहाच्या ताब्यात घ्यायला सांगितले. सलूनमध्ये टाळ्या पडल्या. अर्धी दाढी झालेल्या गृहस्थांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. मावशींना हसू आलं, रडू आलं, आणि मग एकदम भानावर येऊन त्यांनी मुलाकडे पाहिलं. बूट परत येणार नव्हता.

संध्याकाळी खासदार आले ते रिकाम्या हातांनी. “ताई, खूप मागितला. देत नाहीत. पुरावा म्हणतात.” ते स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. “मोजणीत काही झालं तर मी स्वतः येईन, मीच नेला म्हणून सांगेन.”

“तुम्ही आलात की उलट पक्कं होईल, दादा,” मुलगा म्हणाला. पण हसून म्हणाला. त्याने पिशवीत उजवा बूट ठेवला. त्यालाही दुपारी मावशींनी सोल लावला होता, जोडीला डावा नसताना. आईला जवळ घेऊन, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून तो गेला. आजोबा भिंतीकडेच तोंड करून होते. सकाळपासून त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. मावशींनी दोनदा जवळ जाऊन चुकलं म्हणून सांगितलं, पण त्या धड ओरडूही शकत नव्हत्या, आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातमीत सरकारने सांगितलं की सामानाची ‘नेहमीची तपासणी’ करायची असल्याने जहाज आठ दिवस उशिरा सुटेल. शहरातल्या बूट दुरुस्ती करणाऱ्यांना गोदीवर बोलावलं आहे. विरोधकांचं नाव कुठेही नव्हतं. खासदारांची आयुष्यभराची कमाई म्हणावी तर ही, आणि तीही बेनामी. मावशींनी बातमी ऐकली, त्या आठ दिवसांत वाचणाऱ्या सगळ्या पायांना हात जोडले आणि पुन्हा फोनकडे बघत बसल्या. मोजणी दहाला होती. बारा वाजले, एक वाजला. गिऱ्हाईक आलं त्याला त्यांनी दुसऱ्याचेच बूट दिले.

दोन वाजता फोन वाजला.

“आई, झाली मोजणी.”

“आणि?”

“साहेब स्वतः मोजत होते. माझी पिशवी उघडली, एकच बूट. त्यांनी तो उचलला, उलटा केला, नवा सोल बघितला. मला म्हणाले, डावा? मी गप्प. माझी पाचावर धारण बसलेली. मग ते हळूच म्हणाले, राहू दे, डावा कुठे आहे ते काल साऱ्या देशाने पाहिलंय.”

“मग?” मावशींनी विचारलं.

“आणि लिहिणाऱ्याला मोठ्याने म्हणाले, बूट दोन जोड, बरोबर. पुढे जाऊन परत आले, आई. म्हणाले, घरी जे कोणी आजोबा आहेत त्यांना सांग, माझी एकशे वीस पोरं आहेत. सगळ्यांच्या वतीने त्यांचे आभार.”

मावशींनी फोन हातातच धरला आणि मामंजींच्या समोर जाऊन जमिनीवर बसल्या. दोन्ही हातांनी त्यांचं तोंड भिंतीकडून आपल्याकडे वळवलं, आणि उजव्या कानात ओरडल्या. अशा ओरडल्या की सलूनवाला हातातला वस्तरा घेऊन बाहेर आला. साहेब काय म्हणाले ते सांगितलं, एकशे वीस पोरं सांगितली, आभार सांगितले, आणि मी चुकले मामंजी, माझं चुकलं, तुम्ही बस म्हणालात म्हणून मी आज आहे, हेही सांगितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग फोनकडे बोट दाखवलं.

“साहेबांच्या पायात कुठले आहेत?” त्यांनी विचारलं. “त्यांचे बघितले का कुणी?”

मावशींनी फोनमध्ये विचारलं. पलीकडे पोरगा हसला. “जुनेच आहेत, आई. भांडारातले नवे त्यांनी घेतलेच नाहीत. तीनदा सोल बदललेले असतील.”

मावशींनी ते कानात सांगितलं. मामंजींनी मान डोलावली.

“मग पोराची काळजी नको,” ते म्हणाले. “माणूस जाणता आहे.” आणि कालपासून खाली पडलेली आरी त्यांनी उचलली.